खंजिरी टोचते, पेटी मागं जाते: बाबांचा कान बरोबर की माझा?

जागलीवाला, ता. दारव्हा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याबिगर नेमकं उत्तर मिळायचं नाही म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

माझे बाबा खंजिरी वाजवतात. वय ६४. आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचं मंडळ आहे, त्यात ते पस्तीसेक वर्षांपासून बसतात. घरी खुंटीला दोन खंजिऱ्या आहेत, एक जुनी कातड्याची आणि एक फायबरच्या पानाची. पावसाळ्यात कातडं सैल पडते म्हणून फायबरची आणली, पण बाबा तिला हात लावत नाहीत. जुनीच शेकोटीवर धरतात, बोटानं टिचकी मारून पाहतात, सूर चढला की मगच देवळात निघतात.

यंदा मोझरीहून, पुण्यतिथीच्या कार्यक्रमाहून परत आल्यावर मंडळानं मारोतीच्या देवळात रात्रभर भजन केलं. मी मोबाईल सतरंजीवर बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली. मोबाईलसोबत आलेल्या इअरफोनवर ती ऐकली तर नुसता गलका. मग ओळखीतून तीन आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरफोन) जमवले. मामेभावाचा केझेड झेडएसएन प्रो एक्स, मित्राचा सेव्हन हर्ट्झ सालनोट्स झीरो आणि शाळेतल्या सरांचा तांगझू वानेर. सध्या हरभरा घाटे धरून आहे, रानडुकरं आणि रोही दोघांचाही त्रास आहे, म्हणून मी रोज जागलीला वावरात असतो. तीन रात्री तीन आयईएम ऐकले.

बाराव्या मिनिटाला एक जागा आहे. ठेका दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जायच्या आधी बाबा मधलं बोट कातड्यावर घासतात, त्याचा घुंईऽऽ असा घुमारा निघतो आणि त्याच्या शेवटी झांजा एकदाच थरथरतात. ती जागा मी प्रत्येकावर दहादहा वेळा ऐकली.

केझेडवर घुमारा पोटात जाणवते, झांजाही लखलखीत येतात, पण पेटी आणि गाणारे काका दोन ओळी मागं बसल्यासारखे वाटतात. अन् दुगण सुरू झाली की झांजा कानात टोचतात. पाच मिनिटांच्या वर ऐकवत नाही. झीरोवर सगळे एका ओळीत येतात, बोट घासल्याचा खरखरीतपणा सुद्धा कळते, पण डग्गा हलका वाटते आणि टोचणं थोडंसं राहतेच. वानेरवर काकांचा आवाज भरदार, पेटी गोड, तासभर ऐकलं तरी कान शिणत नाहीत. मले वानेर आवडला.

मग ओसरीवर बाबांना बसवून तिन्ही ऐकवले. वानेर घालून म्हणे, "हे काय बे, खंजिरीवर फडकं टाकलं काय? झांज कुठी गेली?" झीरो दिला तर मान डोलवली. केझेड दिला तर म्हणे, "हे तं अजून बरं हाय. अशीच वाजते ते." मी म्हटलं बाबा, टोचत नाही? तर म्हणे, "टोचाचं काय त्यात, झांज हाय ते."

आता खंजिरी त्यांची, हात त्यांचा, पस्तीस वर्षं त्यांनीच ती ऐकली. मग त्यांचंच बरोबर मानायचं का? की माझा कानच चुकून राहिला? बजेट दोन हजार, घेणार एकच. व्हिडिओत लोक 'व्ही शेप', 'न्यूट्रल', 'वॉर्म', 'हार्मन' असं बोलतात, त्यातलं अर्धंच डोक्यात शिरते. जाणकारांनी सांगा जी.

संत्राबाग, वरुड

भाऊ, जास्त विचार करू नका. मूनड्रॉप चू टू घ्या. बॉडी धातूची आहे, वायर निघते, आवाज साफ. मी दीड वर्षापासून वापरून राहिलो, काही तक्रार नाही. वायर निघणाराच घ्या, हे मात्र नक्की. आधीच्या माझ्या इअरफोनची वायर कानाजवळच तुटली होती आणि ती बदलता येत नव्हती, चांगला आवाज असून फेकावा लागला.

बिछायतवाला, आर्वी

जागलीवाले भाऊ, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझं बिछायत केंद्र आहे, मंडप आणि साउंड. भजन, कीर्तन, लग्न, सभा, सगळीकडं मिक्सरवर मीच बसतो. खंजिरीला माईक देता देता वीस वर्षं गेली. म्हणून आधी मिक्सरच्या भाषेत सांगतो, लवकर कळेल.

माझ्या मिक्सरवर प्रत्येक चॅनलला तीन बटणं आहेत. लो ८० हर्ट्झवर, मिड अडीच हजारांवर, हाय १२ हजारांवर. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तितका सूर वरचा. लो आणि हाय वर केलं आणि मिडला हात लावला नाही, की झाला तुमचा व्ही शेप: दोन्ही टोकं उंच, मधे खड्डा. लग्नात पोरं नाचतात तेव्हा मी हेच करतो. लो किंचित वर आणि हाय थोडं खाली केलं की वॉर्म, म्हणजे ऊबदार, जाडसर आवाज. तिन्ही जागच्या जागी ठेवली की न्यूट्रलच्या जवळ. तुमचा केझेड पहिल्यात बसतो, वानेर दुसऱ्यात, झीरो तिसऱ्यात, थोडा उजळ बाजूला झुकलेला. तुम्ही जे ऐकलं ते अगदी बरोबर ऐकलं. कानावर शंका घेऊ नका.

आता तुमच्या भजनातली वाद्यं त्या बटणांवर बसवून पाहा. डग्ग्याचा घुमार शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या खाली. पुरुषाचा आवाज शंभर-दीडशेपासून सुरू होतो, पेटीचा मधला सा अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान. पण पेटीची ओळख, तिचा तो नाकातला सूर, वरच्या सुरावळीत म्हणजे हजार ते तीन हजारांत असते. झांजांची चकाकी पाच हजारांच्या वर. म्हणजे व्ही शेपमध्ये डग्गा आणि झांज पुढं येणार आणि पेटी खड्ड्यात जाणार. यात केझेडचा दोष नाही, त्याचा घाटच तसा आहे.

पण तुमच्या पेटीला मागं ढकलणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आयईएममध्ये नाहीच. तुम्ही मोबाईल बाबांच्या पुढ्यात ठेवला होता. मोबाईलचा रेकॉर्डर आवाज आपोआप वरखाली करत असतो. खंजिरीची थाप पडली की तो घाबरून सगळाच आवाज खाली घेतो, मग हळूहळू परत वर आणतो. दुगणीत थापा इतक्या जवळजवळ पडतात की त्याला वर यायला फुरसतच मिळत नाही. पेटी आणि गाणारे काका प्रत्येक थापेसोबत दबले जातात. लक्ष देऊन ऐका, पेटीचा लांब सूर खंजिरीसोबत हेलकावे खाताना सापडेल. तो सापडला तर तीन काय, तीस आयईएम बदलले तरी पेटी पुढं यायची नाही. पुढच्या वेळी मोबाईल सात-आठ फूट दूर, खुर्चीवर किंवा खांबाला, पेटीच्या बाजूनं ठेवा. ज्या ॲपमध्ये आवाजाची पातळी हातानं ठरवता येते असं घ्या आणि पातळी कमीच ठेवा. आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की तो तिला दाबून लहान करतो, झांज आधी भुगा होते.

तुमची तुलना अजून पक्की करायची तर दोन कामं करा. पहिलं, रबराची बोंडं. डब्यात तीन मापं येतात, लोक मधलं लावतात आणि विसरून जातात. आयईएमचा खालचा सूर पूर्णपणे कान बंद होण्यावर अवलंबून असतो. केसाएवढी फट राहिली तरी डग्गा गायब होतो आणि मग उरलेला आवाज टोचरा वाटतो. घातल्यावर स्वतः बोलून पाहा. आवाज डोक्यात, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला पाहिजे. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकते, माझ्या उजव्याला मोठं लागते. तुम्हाला झीरोवर डग्गा हलका वाटला, त्यातला निम्मा संशय मला या बोंडावरच आहे.

दुसरं, आवाज सारखा करा. तिन्हींची ताकद वेगळी आहे, मोबाईलवर आवाजाची पट्टी एकाच जागी ठेवली तरी एक मोठा वाजणार, एक लहान. आणि मोठा वाजेल तोच आपल्याला साफ वाटतो, माझ्यासारख्या रोज ऐकणाऱ्यालाही. तानपुऱ्याचं ॲप लावा, एकाच सुरावर तिन्ही समान वाटेपर्यंत आवाजाची पट्टी वरखाली करा, त्या खुणा लिहून ठेवा आणि मग भजन लावा. शिवाय हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं आहे. जागलीला तुम्ही हळूच लावत असाल, तर तिथं थोडा जास्त डग्गा देणारा आयईएम भरलेला वाटेल आणि ओसरीवर मोठ्यानं लावला की तोच जड वाटेल.

हार्मनचंही सांगतो, कारण तुम्ही विचारलं. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो ना, तशी ही नळी आणि बाहेरचा कान मिळून तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप बराच वाढवतात. आपण जन्मापासून तसंच ऐकतो. आयईएम नळीतच बसतो, त्यामुळं ती वाढ त्यानं स्वतः द्यावी लागते. नाही दिली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ती किती द्यायची, डग्गा किती द्यायचा, हे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बसवून, ऐकवून, त्यांची पसंती विचारून ठरवलं. इन-इअरसाठीची त्यांची २०१९ ची रेषा, म्हणजे कोणता सूर किती वाजावा हे दाखवणारा आलेख, आज सगळे समोर ठेवतात. तिच्यात अगदी खालचा सूर उचललेला आहे, दोनशेच्या आसपास थोडं सडपातळ आहे आणि तीन हजारांवर जोर आहे. झीरो त्या रेषेच्या जवळ जातो, फक्त खालचा सूर तिच्यापेक्षा कमी देतो. झीरो टू या त्याच्या पुढच्या मॉडेलमध्ये तो वाढवला आहे. माझं स्वतःचं मत असं की भजनाला ही रेषा जशीच्या तशी बरोबर बसत नाही. दोनशेला सडपातळ केलं की पुरुषांच्या कोरसचं अंग कमी होते, आणि आपल्या भजनाचा जीव कोरसात आहे. वानेरवर तुम्हाला गाणारे काका भरदार वाटले ते यामुळंच.

आयईएमचा असा मोजलेला आलेख पाहून झांजेचा निकाल मात्र लावू नका. आलेख काढायला जो कृत्रिम कान वापरतात, त्यात आठ हजारांच्या आसपास त्या नळीचाच एक उंचवटा येतो, आणि त्याच्या वरचं माप फारसं भरवशाचं नसते. झांज नेमकी त्याच भागात. ती ऐकूनच ठरवावी लागते.

आता तुमच्या बाबांचं. हे जपून लिहितो. वय वाढलं की आधी वरचे सूर कमी ऐकू यायला लागतात, हळूहळू, माणसाला स्वतःला कळत नाही. त्यात खंजिरी हातभर अंतरावर, पस्तीस वर्षं. वानेरवर त्यांना झांज दिसलीच नाही आणि केझेडवर जी तुम्हाला टोचली ती त्यांना बरोबर वाटली, यावरून मला वाटते की त्यांचे वरचे सूर कमी झाले असावेत. त्यांना ऐकू येणारी खंजिरी आणि तुम्हाला ऐकू येणारी खंजिरी आता वेगळी आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं ऑडिओमेट्री नावाची तपासणी असते, फार वेळ लागत नाही, दुखत नाही. एकदा करून घ्या. ते खंजिरी डाव्या हातात धरत असतील तर डाव्या कानाकडं जास्त लक्ष द्यायला सांगा. आणि त्यांना आयईएम द्याल तेव्हा आवाजाची पट्टी तुमच्या हाती ठेवा. ज्याला झांज कमी येते तो आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे.

घ्यायचं काय? तुम्ही झीरोवर बोट घासल्याचा खरखरीतपणा ऐकला ना, त्या एका वाक्यावर मी झीरो म्हणीन. कातड्याचा पोत दाखवतो तो आयईएम ठेवावा. डग्गा कमीच वाटला तर झीरो टू. बाबांसाठी दुसरा घ्यायची गरज नाही, मोबाईलच्या इक्वलायझरमध्ये (वेगवेगळे सूर कमीजास्त करायची सोय) चार हजारांच्या वर तीनेक डेसिबल वाढवून त्यांच्या नावानं सेटिंग जतन करा. एक यंत्र, दोन कान.

जागलीवाला, ता. दारव्हा

बिछायतवाले भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं, मग बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कानाचा भाग वाचताना मी जरा अडखळलो, पण तेच म्हणाले, वाच समोर.

पेटी हेलकावे खाते! काल रात्री मोटार सुरू करून पाणी लावलं आणि बांधावर बसून फक्त पेटीकडं लक्ष दिलं. सतराव्या मिनिटाला पेटीवाल्या काकांनी वरचा सा धरून ठेवला आहे, आणि तो सा प्रत्येक थापेला बुडतो, वर येतो, बुडतो, वर येतो. तिन्ही आयईएमवर. इतके दिवस मी त्याचा दोष केझेडला देऊन राहिलो होतो.

बोंडांचंही खरं निघालं. माझ्या डाव्या कानाला मधलं बरोबर आहे, उजव्याला मोठं लागलं. मडक्यासारखा आवाज आल्यावर झीरोवर डग्गा आला. वानेरएवढा नाही, पण आला. आणि टोचणंही कमी झालं. तानपुऱ्यावर आवाज जुळवला तर कळलं की केझेड मी इतरांपेक्षा बराच मोठा ऐकत होतो. जुळवल्यावरही दुगणीत तो टोचतोच, पण पहिल्यासारखा नाही.

एक अडचण राहते. जागलीला दोन्ही कान बंद केले तर डुकराची चाहूल येत नाही. पऱ्हाटीत शिरले की फक्त खसफस होते. परवा कुत्रं भुंकलं तेव्हा कळलं, तोवर दोन तासं (पिकाच्या ओळी) उकरून झाली होती.

ऑक्टोपॅड, वडसा

जागलीवाले भाऊ, मी झाडीपट्टीत नाटकाच्या पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. दिवाळीनंतर होळीपर्यंत रोज रात्रीचा प्रयोग, म्हणून कान बंद करण्याचं थोडं कळते.

आयईएम बनलेच मुळात कान बंद करण्यासाठी, स्टेजवरच्या लोकांना गोंगाटात स्वतःचं वाद्य हळू आवाजात ऐकू यावं म्हणून. खोलवर बसणारे तर फारच बंद करतात. एटिमोटिकचा ईआर फोर १९९१ सालापासून आहे, तो कानात इतका आत जातो की बाहेरचं जवळपास संपते. आवाज अगदी सपाट, डग्गा फुगवलेला नाही. तुमच्या बजेटचा नाही आणि जागलीच्या कामाचा तर मुळीच नाही.

वावरात एकच कान घाला. पण मग फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, नाहीतर एका बाजूचं वाद्य जाते. साप-विंचवाचं वावर, बिबट्याची खबर असते, दोन्ही कान बंद करून बसू नका. तुलना घरीच करा, ओसरीवर.

आणि एक. थंडीत कानात दमट होते, जाळीवर मळ बसतो, मग एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होते. लोक म्हणतात यंत्र बिघडलं. आधी जाळी कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून झटका. उसने आणलेले आयईएम तर बोंडं धुऊनच घाला.

जागलीवाला, ता. दारव्हा

सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगतो.

झीरोच मागवला. चू टू आणि झीरो टू मी ऐकले नाहीत, आणि न ऐकलेलं घ्यायची हिंमत झाली नाही. संत्राबाग भाऊ, वायर याचीही निघते, ते पाहूनच घेतला. वानेर सरांना परत केला. देताना जीव थोडा अडकला, काकांचा आवाज अजून त्यात जास्त गोड वाटते हे खरं आहे.

बाबांच्या नावाची सेटिंग केली. चार हजारांच्या वर तीन डेसिबल सांगितलं होतं, त्यांना साडेतीन बरं वाटलं. आवाज मी माझ्याइतकाच ठेवला. त्यांनी बारावं मिनिट ऐकलं, मग बोट वर करून थांबवायला लावलं, "पाय, इथी बोट ओलं होतं माह्यं, म्हणून अटकलं." मी ती जागा पन्नास वेळा ऐकली असन, मले ते अटकणं कधी कळलंच नव्हतं. आता कळते. घुमाऱ्याच्या मधात एक बारीक खंड आहे.

तपासणीला यवतमाळला जायचं आहे, हरभरा निघाला की. ते स्वतःच तयार झाले. म्हणे डावा कान बऱ्याच दिवसांपासून दबल्यासारखा वाटते, कधी बोलले नाहीत. खंजिरी डाव्याच हातात धरतात.

पुढच्या भजनाला मोबाईल खांबाला बांधणार आहे, पेटीच्या बाजूनं, आठ फुटांवर. फाईल इथं देईन, तुम्हीही तुमच्या तुमच्या आयईएमवर सतराव्या मिनिटासारखी जागा शोधून सांगा. पेटीवाल्या काकांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी आत्ताच विचारून ठेवलं आहे की त्यांचा सा बुडणार नाही ना.